आगगाडी मळवण्याचे प्राथमिक धडे

छोटी आगगाडी कशी रंगवावी, हे विचारायला माझ्याकडे आजवर दोन माणसं आली. त्यांतला एक मुलाचा वर्गमित्र होता आणि त्याला प्रकल्पाच्या वहीत दोन पानं भरायची होती. दुसऱ्याला खरं म्हणजे घराचं फाटक रंगवून हवं होतं. एवढ्या मागणीच्या जोरावर हे मार्गदर्शन लिहायला घेतलं आहे. या विषयावरची पुस्तकं मिळतात ती साहेबाच्या देशातली. त्यांत दर पानावर एखादं दुकान सुचवलेलं असतं आणि ते दुकान कोरेगावात नसतं. म्हणून जे जे रहिमतपुरात किंवा रहिमतपूरहून पॅसेंजरच्या तिकिटात मिळेल, तेवढंच इथे धरलं आहे.

साहित्य: एक डबा, रंग, कुंचले, भांडी घासायचा साबण, आणि घरात अशी एक जागा जिथे कुणी कणीक मळायला येणार नाही. यांतली शेवटची गोष्ट सगळ्यांत दुर्मिळ आहे.

पायरी पहिली: माप

बाजारात सर्वांत जास्त चालणाऱ्या आकाराला एचओ म्हणतात. म्हणजे हाफ झीरो. युरोपात आधी झीरो नावाचं माप होतं, ते घरात मावेना म्हणून त्याचं निम्मं केलं. मी शाळेत गणित शिकवत होतो. शून्याचं निम्मं किती, असं मुलांना विचारलं तर ती शून्य म्हणतील आणि मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन. इथे मात्र उत्तर एकास सत्त्याऐंशी येतं. खरी वस्तू ८७ ने भागायची, की झाली छोटी. आपला नेहमीचा आयसीएफ डबा बफर ते बफर २२.३ मीटर, तो भागल्यावर साडेपंचवीस सेंटिमीटरचा होतो. साडेपाच फुटी प्रवासी होतो १९ मिलिमीटरचा, म्हणजे इंद्रायणी तांदळाचे चार दाणे एकावर एक उभे केले तर जेवढे होतील तेवढा.

आता आमच्या बाजूच्या माणसाच्या मनात पहिल्यांदा महालक्ष्मी एक्सप्रेसच येणार. कोल्हापूरहून निघालेली, रात्रीची. अठरा डबे आणि एक इंजिन धरलं तर एचओ मापात ४ मीटर ८१ सेंटिमीटर भरते. आमची बैठकीची खोली दहा बाय बारा फुटांची. भिंतीलगत गाडी मावत नाही म्हटल्यावर मी कर्ण काढला. तो आला ४ मीटर ७६. म्हणजे खोलीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी लावली तरी महालक्ष्मी पाच सेंटिमीटर उंबऱ्याबाहेर राहते. हे काही घरच्यांना शुभ वाटेना. तेव्हा होतकरूंनी एकाच डब्यापासून सुरुवात करावी. मीही एकाच डब्यापासून केली. तो डबा अजून चालू आहे, यंदा चौथं वर्ष.

रुळाबद्दल कुणी खोलात विचारलं तर विषय बदलावा. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ८७ ने भागल्यावर १९.३ यायला हवी. विकत मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो तिकडच्या १४३५ मिलिमीटरच्या गाड्यांसाठी केलेला. त्यावर आपला डबा ठेवला की लेंगा स्वतःच्या मापाचा आणि चप्पल धाकट्या भावाची, असं दिसतं. मग आमची मूळची मीटरगेज करावी, असंही एक मत आहे. सदर्न मराठा रेल्वेनं पुण्याहून मिरजेकडे टाकलेला मार्ग मीटरगेजच होता, १९७१ च्या सुमाराला ब्रॉडगेज येईपर्यंत. पण ती मापानं साडेअकरा मिलिमीटर होते. थोडक्यात, बाजारातला रूळ रहिमतपूरच्या स्टेशनातून कधीच गेलेला नाही, ना त्या काळी ना या काळी. मी डबा रुळावर न ठेवता कपाटात ठेवतो. प्रश्न मिटतो.

एकदा पुण्याला जाऊन कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय जरूर पाहावं. भाऊ जोशी यांनी हयातभराच्या छंदातून उभं केलेलं हे संग्रहालय १९९८ मध्ये खुलं झालं. तारीख होती १ एप्रिल, पण आत सगळं खरंखुरं चालतं. सहकुटुंब जावं की एकट्यानं, याबद्दल मात्र मी सल्ला देणार नाही. आमची ही सोबत होती. तिनं सगळा खेळ टाळ्या वाजवून पाहिला आणि परत येताना, साधारण वाठार आल्यावर, एवढंच विचारलं, ‘‘त्यांचं सगळं चालतं. आपलं कधी चालणार?’’

पायरी दुसरी: साबण

विकत आणलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यावर साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या तेलाचा हात असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, रंगाला बरोबर दिसतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. घरातल्या कुणाचा दात घासायचा ब्रश घेऊ नये, घेतल्यास परत जागेवर ठेवू नये. पितळेची भांडी उजळायची पावडर अजिबात वापरायची नाही, ओरखडे उठतात.

डब्यावर आधीच दुसऱ्या कुठल्या देशाचा रंग असेल तर तो उतरवावा लागतो. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश काढायचं द्रावण मुळीच नाही. त्यात ॲसिटोन असतं आणि ॲसिटोन रंगाबरोबर प्लॅस्टिकलाही उतरवतं. माझा पहिला डबा रात्री त्यात भिजत ठेवला होता. सकाळी त्याची एक बाजू तळलेल्या पापडासारखी वळली होती आणि खिडक्या हसत होत्या. वर ज्या डब्याचं चौथं वर्ष चालू आहे असं म्हटलं, तो हा नव्हे. तो दुसरा.

पायरी तिसरी: अस्तर आणि हवा

इथे पुस्तकी भाषा सोडून गॅरेजच्या भाषेत बोललेलं बरं. डेंटिंग-पेंटिंगवाले ज्या क्रमानं जीपचा दरवाजा करतात त्याच क्रमानं हा डबा होतो: भेगांत लांबी भरायची, पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर फिरवायचा, प्रायमर मारायचा, मग रंग. फरक एकच. रंगाचा थरसुद्धा ८७ ने मोजायचा असतो. कुंचल्यानं दाट रंग लावला तर थर सहज दशांश मिलिमीटरचा बसतो. तो खऱ्या डब्यावर नेऊन पाहा: पावणेनऊ मिलिमीटर. हा रंग नव्हे, गिलावा. त्याच्याखाली खिळे बुजतात, खिडक्यांच्या कडा गोल होतात, आणि डबा रंगवलेला न दिसता पिठात बुडवून काढलेला दिसतो.

म्हणून एअरब्रश. पेनाएवढी बंदूक, तोंडाशी ०.३ मिलिमीटरची सुई, पंधरा ते वीस पीएसआय दाब, आणि डब्यापासून चार-पाच इंचांवरून हात चालता ठेवून मारलेले चार पातळ थर. रंग किती पातळ करावा, यावर जगातली सगळी पुस्तकं एकमतानं म्हणतात: दुधाइतका. हे लिहिणारे आमच्याकडच्या डेअरीवर कधी उभे राहिलेले नाहीत. दूध कुठलं, ते सांगा. सहाच्या फॅटचं म्हशीचं धरलं तर सुई तुंबते. रतिबाचं, म्हणजे गवळ्यानं ज्यात आपलं मन मोकळं केलं आहे असं दूध धरलं, तर रंग ओघळून खालच्या पायरीवर जमा होतो. साडेतीन फॅटचं गाईचं, साय काढलेलं, हे आमच्या हवेला मानवतं.

कॉम्प्रेसरवर खर्च करण्याआधी मी गणपतीच्या कारखान्याची वाट धरली. होतकरूंनीही धरावी. तिथे कॉम्प्रेसर असतो, गन असते आणि मुख्य म्हणजे ती चालवणारा हात असतो. कारखानदारांनी माझा डबा उलटसुलट करून पाहिला.

‘‘सर, ह्यो कुठल्या मंडळाचा देखावा?’’

‘‘देखावा नव्हे, मॉडेल आहे.’’

‘‘म्हंजे त्येच की. आन् एवढ्याशाला गन? आमच्या उंदराला ह्याच्यापेक्षा जास्त रंग लागतोय.’’

तरी त्यांनी रंग मारून दिला. पोरं मूर्तीचं अंग रंगवत होती, पितांबर रंगवत होती. डोळ्यांची आखणी मात्र कारखानदार कुणाच्या हातात देत नाहीत. ती करताना त्यांचा हात पाहणं हाच खरा धडा आहे. कोपर मांडीला टेकलेलं, करंगळी मूर्तीच्या गालावर, आणि रेघ ओढायची ती श्वास पूर्ण सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आधी. तेवढ्या अवधीत जेवढी रेघ होईल तेवढीच एका वेळी. डब्याच्या खिडकीची चौकट मला तेव्हा जमली. त्याआधी दोन महिने मी श्वास रोखून रंगवत होतो आणि रेघेत माझे ठोके उमटत होते.

कारखान्याची एकच अडचण. त्यांचा कॉम्प्रेसर चालू असतो आषाढ-श्रावणात, आणि थिनरचा रंग मारायला वर्षातला सर्वांत वाईट काळ तोच. थिनर झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेतली वाफ त्या ओल्या रंगावर येऊन बसते. मूर्तीचे रंग पाण्याचे, त्यांना फार तर वाळायला बल्ब लावावा लागतो. माझा रंग थिनरचा. संध्याकाळी घरी आणेपर्यंत डब्यावर पांढुरकी झाक चढली, जुनं लोणचं उघडल्यावर वर दिसते तशी.

पायरी दुसरी: साबण

वर पाहा.

पायरी चौथी: कोणता रंग

हा भाग होतकरूंना वाटतो सोपा. दुकानात जाऊन बाटली आणायची. १९३१ साली सुरू झालेल्या दांडेकरांच्या कॅम्लिननं आपल्या सगळ्यांची चित्रकलेची वही रंगवली आहे, त्यांचे ॲक्रिलिक रंग तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातही मिळतात. पण बाटली कुठली मागायची, तिथे गाडी अडते.

मला जो डबा करायचा आहे तो मी शाळेत असताना रहिमतपूरच्या फलाटावर पाहिलेला. ऐंशी सालच्या आसपासचा. विटकरी. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून मी साक्षी काढल्या. सांगलीच्या ताईला फोन केला. ती म्हणाली चॉकलेटी. बाकावरचा मित्र म्हणाला लाल, एसटीसारखा. आणि आमची ही किर्लोस्करवाडीची, म्हणजे त्याच मार्गावर, त्याच गाड्या पाहून वाढलेली. तिनं पोळी लाटता लाटता निकाल दिला.

‘‘निळी.’’

‘‘अगं, निळी नंतर आली.’’

‘‘नंतर कशी? मी लग्न होऊन आले ती निळ्या गाडीतून. तुम्हाला दोन हिरव्या साड्यांतला फरक दिसत नाही, तुम्ही मला रंग सांगू नका.’’

तिचंही बरोबर आहे, कारण तिच्या लग्नाचं वर्ष तसंच होतं. विटकरी डबे हे व्हॅक्युम ब्रेकचे. नव्वदीच्या दशकात डब्यांना हवेचे ब्रेक बसू लागले तसतसा रंग निळा होत गेला, खाली-वर फिका आणि खिडक्यांच्या पट्ट्यात गडद. मग एलएचबी या नव्या प्रकारचे लाल-करडे डबे आले. २०१८ पासून जुन्या आयसीएफ डब्यांना पिवळट आणि तपकिरी रंगांचा तो ‘उत्कृष्ट’ नावाचा पोशाख मिळाला. त्याबद्दल माझं मत असं की लग्नाच्या हॉलला तो शोभला असता. आणि आता आमच्या स्टेशनावर तारा आल्या आहेत, विजेचं इंजिन पांढरंशुभ्र येतं, कमरेला लाल पट्टा. त्याच्या नावातली अक्षरंही बदलली. पूर्वी डब्ल्यूडीएम-२ येई: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, एम म्हणजे प्रवासी असो वा माल, मिळेल ते काम. आता डीच्या जागी ए आणि एमच्या जागी पी. मिळेल ते काम करणारा गडी निवृत्त झाला.

रंगाचं वैभवच पाहायचं असेल तर दख्खनची राणी करावी. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या: एक रुपेरी, तिच्यावर तांबडी नक्षीपट्टी, दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. होतकरूंनी तिकडे फिरकू नये. सोनेरी रेघ एचओ मापात केसाएवढी होते आणि तेवढ्या श्वासात ती पुरी होत नाही.

मी विटकरीवर ठाम राहिलो आणि रंगाची छटा शोधायला लागलो. शेवटी ती सापडली परसदारी. तुळशीवृंदावनाला दिवाळीआधी गेरू लावला होता. त्यावर दोन-तीन पावसाळे गेल्यावर जो रंग उरतो, तोच. गेरूच्या रंगात चिमूटभर काळा आणि थोडा तपकिरी. पण तोही जसाच्या तसा लावून चालत नाही. खरा डबा आपण वीस-पंचवीस हातांवरून, मध्ये हवा आणि धूळ घेऊन पाहतो. छोटा डबा नाकासमोर असतो. तोच रंग त्यावर जड, काळपट दिसतो. म्हणून आठ-दहा थेंबांत एक थेंब पांढरा टाकावा. आणि डबा ज्या दिव्याखाली ठेवणार त्याच दिव्याखाली रंग मिसळावा. मी उन्हात अंगणात मिसळला आणि ट्यूबलाइटखाली पाहिला, तेव्हा ताईचा चॉकलेटी निघाला.

पायरी दुसरी: साबण

हो.

पायरी पाचवी: अक्षरं

यात रमायला बसलो तर लेख संपणार नाही, म्हणून पटकन. अक्षरं हातानं लिहू नयेत, पाण्यात भिजवून चिकटवायचे छाप करून घ्यावेत. छाप बसवण्याआधी डब्यावर चकचकीत वॉर्निश हवं, खडबडीत रंगावर छापाखाली हवा राहते आणि नंतर ती चंदेरी दिसते. साध्या छपाई यंत्रात पांढरी शाई नसते, हे पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नको. डब्याच्या जुन्या पाच आकडी क्रमांकातले पहिले दोन अंक बांधणीचं वर्ष सांगतात, तेव्हा आपल्या शालेय वर्षानंतरचं वर्ष टाकून बसू नये. मालगाडीच्या वाघिणीला तर अकरा अंक: दोन प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन वर्षाचे, चार तिचे स्वतःचे आणि शेवटचा एक आधीचे दहा बरोबर आहेत का ते तपासणारा. गणिताच्या मास्तरला इतकी शिस्तशीर वाघीण पाहून गहिवरून येतं.

स्टेशनची पाटी करणार असाल तर एक इशारा. मराठीत रहिमतपूर दीर्घ, हिंदीत रहिमतपुर ऱ्हस्व. एकास सत्त्याऐंशीत हा फरक मिलिमीटरच्या फार तर पाव भागाचा आहे. पण वसंत कानेटकरांच्या जन्मगावाची पाटी आहे, चूक काढणारा कुणी ना कुणी निघणारच.

पायरी सहावी: मळ

इथवर आलात तर तुमच्या हातात एक झकास, तुकतुकीत, बिनचूक डबा आहे आणि तो पूर्णपणे खोटा दिसतो आहे. जत्रेत चौंडेश्वरीच्या देवळाबाहेर बॅटरीवरची गाडी मिळते, अगदी तसा. असा स्वच्छ डबा या मार्गावर कुणी पाहिलेला नाही. आता तो मळवायचा. खरं शिक्षण इथून सुरू होतं, आणि घरातले खरे प्रश्नही.

मळाला नियम असतात. पहिला, मळ वरून खाली येतो. छतावर पावसाळ्याचे डाग, मग कडेच्या पन्हळीतून निघालेले ओघळ, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून सुरू होऊन खाली निमुळत्या होत गेलेल्या रेघा. होतकरू नेमकी खाली जाड आणि वर बारीक रेघ काढतो, मग पाणी खालून वर चढल्यासारखं दिसतं. दुसरा नियम, काही मळ खालून वर येतो. बिडाच्या ब्रेक ठोकळ्यांची चाकांशी घासून झालेली पूड तांबूस-तपकिरी असते. ती बोगीवर, पायऱ्यांवर आणि डब्याच्या खालच्या हातभर भागावर बसते. पावसाळ्यात तिच्यावर चिखलाचे शिंतोडे, आणि आमची जमीन काळी, तेव्हा कोकणचा तांबडा चिखल इथे लावू नये. तिसरा नियम, माणूस जिथे हात लावतो तिथे मळ नसून चकाकी असते. दाराच्या दांड्या, खिडकीचा खालचा काठ. तिथे रंग घासून घासून लोखंड तेलकट झालेलं असतं. पेन्सिलीचं शिसं बोटावर घेऊन तिथे फिरवा. हा एवढाच स्पर्श, पण डब्यात माणसं बसून गेल्यासारखी वाटतात.

चौथा नियम कुठल्याच साहेबी पुस्तकात नाही. खिडकीखाली, गाडीच्या उलट दिशेला तिरकस गेलेले तांबडे फराटे. पानाचे. ते गाडीच्या दिशेकडे झुकलेले असले तर चूक, कारण धावत्या गाडीतून थुंकलेलं मागे जातं. रंग: कात आणि चुना यांचा जो होतो तो. मी खराच कात उगाळून लावला आहे.

मळाचं सगळं साहित्य घरात असतं. काजळ म्हणजे धूर. गेरू म्हणजे गंज. भस्म म्हणजे वाळलेली धूळ. चेहऱ्याची पावडर म्हणजे सिमेंटच्या वाघिणीवरची पांढुरकी पूड. रांगोळीबद्दल मात्र सावध. पहिल्यांदा मी धूळ म्हणून रांगोळी भुरभुरली, तर डब्यावर दरड कोसळल्यासारखं झालं. का, ते गणितानं कळलं. रांगोळीचा कण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. गुणिले ८७, म्हणजे चार-साडेचार सेंटिमीटरचा दगड. ही धूळ नव्हे, ही खडी. रुळाखाली टाकायची खडी साधारण याच मापाची असते. तेव्हा रांगोळी रुळाखाली, पावडर डब्यावर. मोहरीचा दाणा गुणून पाहिलात तर कलिंगड होतं, आणि राजगिऱ्याचा कांदा. फलाटावर कांद्याची पोती दाखवायची असतील तर उपासाच्या डब्यात हात घालावा, एकादशी सोडून.

यांखेरीज एक मळ आहे तो फक्त आमचा. हंगाम सुरू झाला, उसाच्या फडात पाचट पेटलं, की संध्याकाळी हवेत काळी, लांबट, अगदी हलकी काजळी तरंगत येते. ती धुणं वाळत घातलं की त्यावर बसते. ती अंगणात वाळत ठेवलेल्या डब्यावरही बसली. ओल्या वॉर्निशवर. मी चिमट्यानं उपटायला घेतली आणि मग लक्षात आलं, सत्त्याऐंशीनं भागून ती मुळीच योग्य मापात नाही, पण इतका रहिमतपूरचा डबा मला हातानं कधी करता आला नसता. राहू दिली.

घरातल्या प्रश्नांबद्दल एवढंच सांगतो. आमच्या घरात रोज एक बाई येऊन भांडी-फरशी करतात. तीन दिवस खपून मी मळवलेला डबा त्यांनी कपाटाबाहेर पाहिला आणि मायेनं ओल्या फडक्यानं पुसून ठेवला. ‘‘किती धूळ बसली होती ओ सर ह्याच्यावर.’’ यापेक्षा मोठी पावती मला मिळालेली नाही. होतकरूंनी मळ झाल्यावर लगेच मॅट वॉर्निशचा हात मारावा.

दसऱ्याच्या दिवसाचं इंजिन करायचं असेल तर मात्र हे सगळे नियम उलटे होतात. खंडेनवमीला शेडमध्ये धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, पुढच्या दिव्याखाली कुंकवाचं स्वस्तिक. एचओ मापातला झेंडू मी रंगीत दोऱ्याच्या गाठी मारून केला. एक माळ, बावीस गाठी, दोन रविवार.

पायरी सातवी: दांड्या

दारापाशी धरायच्या दांड्या साच्यात प्लॅस्टिकच्या आलेल्या असतात, जाडजूड. त्या तासून टाकाव्या आणि तारेच्या लावाव्या. तार मिरजेला मिळते. सतारमेकरांकडे जाऊन तंबोऱ्याच्या जोडाची पोलादी तार मागावी, ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे खऱ्या मापात इंचभर नळी. मी मागितली तेव्हा दुकानातल्या वृद्ध गृहस्थांनी विचारलं, ‘‘काळी दोनला लावणार की पांढरी चारला?’’ मी म्हणालो, दाराला. त्यांनी तार दिली, पण पुढे काही बोलले नाहीत.

पायरी आठवी: तपासणी

झालेला डबा जाणत्या माणसाला दाखवावा. आमच्या आळीत एक आप्पा आहेत, मिरजेला कॅरेज-वॅगनमध्ये होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी डबा पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून नेला. त्यांनी चष्मा पुसला. रंगाकडे त्यांनी पाहिलं नाही. काजळीकडे नाही, काताकडे नाही, तंबोऱ्याच्या तारेकडे तर नाहीच. डबा उचलून त्यांनी सरळ त्याचं बूड डोळ्यांसमोर धरलं, बफरांच्या मधोमध.

‘‘हे दोन पायपं कसले?’’

‘‘हवेच्या ब्रेकचे, आप्पा. एक ब्रेकपाइप, एक फीडपाइप. पुस्तकात पाहून केलेत.’’

‘‘आन् डबा?’’

‘‘विटकरी.’’

आप्पांनी डबा हळूच खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि मला चहा सांगितला. चहा येईपर्यंत थांबले. मग म्हणाले, ‘‘विटकरी म्हंजे व्हॅक्युम, सर. एकच पाइप. ह्यो एवढा जाड, रबरी. त्यो जोडताना माझी बोटं किती येळा चेमटली, मी विसरंन व्हय?’’

आप्पांनी बोटांनी दाखवलेल्या जाडीला मी घरी येऊन ८७ ने भागलं. पाऊण ते एक मिलिमीटर, काळं, रबरी, किंचित वाकणारं, टोकाला खाली लोंबणारं. तंबोऱ्याची तार उपयोगाची नाही. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी फार जाड. धाग्याला रंग लावला तर तो ताठ राहतो, लोंबत नाही. रात्री साडेदहाला घरात सगळीकडे हिंडल्यावर हिच्या पर्समध्ये बरोबर त्या मापाची, बरोबर त्या काळ्या रंगाची वस्तू सापडली. डब्याला आता दोन्ही टोकांना पाइप आहेत आणि ते असे लोंबतात की आप्पांची बोटं दुखतील.

सध्या घरात इयरफोनचा शोध चालू आहे. डावा कान सापडला आहे.